रोह्याच्या तोंडाखालचा हिवर

— नाई मॅडम, नागपूरहून अंजूले पत्र-बित्र काही आलं नाई. आलं असतं त अंजूनं सांगितलं नसतं काय? बसा. तुमी वर्षभर माह्या पोरीच्या हाती टेप देऊन या कोंढ्याच्या रानातली झाडं मोजली, पन हा हिवर चुकीचा लिहिला. गुडघ्याएवढा दिसते म्हणून रोप लिहिलं — रोप कायचं, अंजूच्या जन्माआधीचा आहे तो. माती उकरून बुड पाहा, माह्या मांडीएवढं निघते. मंग वाढत काहून नाई? रोही, तुमची ते नीलगाय, वाढू देत नाई. पानी पडलं का शेंडा फुटते, फुटला का रोही येऊन खुडते — दरसाल हेच. रोही नाई आला त सांबर येते, एखाद्या साली रानगवा. जितकं खातेत तितका तो काटे काढते, सुईवानी, दाट. अन् बांधावरचा तो मोठा पाहा — एका साली कसा का होईना, शेंडा रोह्याच्या तोंडाच्या वर गेला. आता त्याले कोन पकडते? वर काटेही कमी. माहा पोरगा प्रफुल्ल तसाच, एकदा पुन्याले गेला अन् सुटला. मायच्या मातीले आला, तेरवीलेही थांबला नाई.

पन खाल्लेला मरत नाई, हे लिहा तुमी. बुडातून जिता राहते. घरची पोर घरी राहिली त मरते काय? चूल आहे, धान आहे, मी आहो. सांज पडली का मले उंबरठा दिसत नाई — तिनं हात धरला नाई त कोन धरन? नाई, तिले कायले विचारता? तिले जायचंच नाई. एका खोलीत सहा पोरी, तेही चवथ्या माळ्यावर, अन् येत्या एक तारखेले नागपूरले हजर व्हा, नाई त जागा दुसरीले — हे काय लिहिनं झालं? असं कोनी —

मी कुठं वाचलं? मी दुसरी शिकलो. ताराचंद पोस्टमननं वाचून —

हं.

अंजू, तू कवाची उभी आहेस दारात? च्या दे मॅडमले. — ठेव तो कप. — धानाच्या ढोलीकडे काहून चालली? धानात हात नको घालू, अंजू. त्यात धानच आहे.

मॅडम, तुमी निघा आता. निघा मंतो ना.