सॅम्पल फ्लॅटमधलं दूध

हसू नका, पण आमच्या हिनं करंजाड्याच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये दूध तापवायला ठेवलं होतं.

लॉटरीत आम्हाला घर लागलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जमीन सरकारची, बांधकाम बिल्डरचं, आणि वाट बघायची आपण. एक दिवस मेसेज आला, ‘सॅम्पल फ्लॅट तयार आहे, सहकुटुंब या.’ मी मार्केटात, पाठीवर गोणी. घाईत हिला फोनवर एवढंच सांगितलं, "फ्लॅट तयार झाला!"

झालं! नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ही लग्नातलं पातेलं, अर्धा लिटर दूध नि हळदकुंकू घेऊन हजर. मी बाल्कनी बघतोय तोवर हिनं शेगडीला कुंकू लावलं, पातेलं चढवलं नि बटण फिरवत बसली.

बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी धावत आली. "काकू, ही नुसती दाखवायला आहे. हिला गॅस नाही."

"मग आमची कुठाय?"

मुलीनं खिडकीतून बोट दाखवलं. तिकडं चार खांब उभे होते, मधे गवत.

हिनं पातेल्यावर ताटली ठेवून दूध तसंच शिरवण्याच्या भाड्याच्या खोलीवर परत आणलं.

तेव्हापासून आमच्या खोलीत दूध एकदाही उतू गेलं नाही. वर यायला लागलं की ही हातातलं टाकून धावते. परवा मी म्हटलं, "अगं, सांडलं थोडं तर काय होतंय?"

म्हणाली, "इथं नाही सांडायचं. ते तिकडं सांडायचंय."