बुधाजी कशाने गेले

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक हरेशशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती संध्याताई, त्यांचे कुटुंबीय आणि आनंदनगरच्या तिन्ही पाळ्यांतील माझ्या सहकाऱ्यांनो,

सेल्सच्या माणसाला माइक दिला की तो सोडत नाही, अशी आमची ख्याती. आज मात्र भाषण कागदावर लिहून आणलंय.

ताईंनी सत्तावीस वर्षं लॅब सांभाळली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्या स्टोअरमध्ये का होत्या, हे कोणीच का सांगितलं नाही? शेठ, दोन मिनिटं द्या. बसा.

बदलापूर गावातल्या बुधाजींनी हौसेने अर्धा एकर द्राक्षं लावली. आपल्या उष्ण हवेत वेलीला थंडी मिळत नाही, डोळे झोपूनच राहतात. छाटणीनंतर आपलं औषध काडीला लावलं की ते एकसारखे फुटतात. डबा मीच नेऊन दिला. पाणी किती, लावायचं कसं, सगळं सांगितलं. औषध हाताळल्यावर आठवडाभर दारूला शिवायचं नाही, एवढंच गाळलं. वाटलं, घाबरतील, डबा परत देतील.

बुधाजींनी उघड्या हातांनी, फडक्याने औषध लावलं. दुसऱ्या दिवशी पुतण्याची हळद होती. दोन ग्लास घेतले. चेहरा लालबुंद झाला, श्वास लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी लॅबमध्ये हे सांगितलं, तेव्हा ताईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"दारूचं बोलला होतास?"

"लेबलवर आहे ना, ताई."

"लेबल इंग्रजीत आहे, अभिजीत."

बुधाजींच्या घरी खरं सांगायचं ताईंनी ठरवलं, तेव्हा शेठ, तुम्ही त्यांना केबिनमध्ये बोलावलंत. "बाई, आदमी तो गया. अब कंपनी का नाम क्यों?" मी तिथेच उभा होतो.

तेराव्याला ताई गावात गेल्या. मी सोबत गेलो, पण घरालगतच्या बांधावरच थांबलो. द्राक्षांच्या मांडवावर काडीकाडीला हिरवे कोंब आले होते. ओटीवर ताईंनी बुधाजींच्या पत्नीला, चिमीबाईंना, सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं मला बांधापर्यंत ऐकू आलं, "सगली बोलतान, पिऊन मेला. पोरा मान खाली घालून फिरतान. मीपन त्याला शिव्या घातल्या गो, बाई."

ताईंनी तिथे माझं नाव घेतलं नाही. पुढच्या सोमवारी त्यांची स्टोअरमध्ये बदली झाली. माझं प्रमोशन झालं. याच हॉलमध्ये तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

डब्यावर आज मराठीत लाल अक्षरांत इशारा असतो. तो ताईंनी भांडून छापून घेतला. त्यांच्या कामाबद्दल एवढंच सांगितलं तरी मला पुरेसं वाटतं.

ताई, तुमचे आभार मानायची माझी लायकी नाही, तरी मानतो. आयोजकांचा आणि आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. चार वर्षं जे बोललो नाही, त्याची माफी मात्र या सभेकडे मागत नाही. ती मागायला उद्या सकाळी चिमीबाईंच्या दारात जातोय. या वेळी बांधावर थांबणार नाही.