एक ओळ, तात्यासाहेब आणि टेकडीवरचा डबा

...आणि वर आमचे दीर मलाच म्हणतात, "वैनी, तुम्हाला कशाला हौस त्या कॉम्प्युटरची?" हौस? मला? अहो, मी दहावीपर्यंत शिकलेली बाई, वीजबिल भरताना सुद्धा मी आकडे तीनदा मोजते, मला कसली आलीय हौस! एकच ओळ टाकायची होती हो मला. एकच!

थांबा, नीट सांगते. आमचे हे वाळूजला कारखान्यात होते. शिफ्ट करायची, घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. बोलणं असं नाहीच. मीठ कमी असलं तर मिठाच्या बरणीकडे बघायचे, संपलं. आणि अशा माणसाला छंद कसला, तर डबे शोधायचा! जगभर चालतं म्हणे हे. कुणीतरी कुठंतरी डबा लपवायचा, त्याची जागा आकड्यांत साइटवर टाकायची, आणि परक्या माणसांनी फोन हातात धरून, उन्हातान्हात येऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या कागदावर सही करायची, डबा होता तिथं ठेवायचा आणि घरी जायचं. मी विचारलं, "मिळतं काय?" तर म्हणाले, "डबा." मी म्हटलं, "तो तर परत ठेवला ना?" तर म्हणाले, "हो." आता याच्यापुढं बायकोनं काय बोलावं, तुम्हीच सांगा!

मग ह्यांनी स्वतःचाही एक डबा लपवला, गोगाबाबा टेकडीवर. स्वतःचा जेवणाचा स्टीलचा डबा हो, ज्यात मी इतकी वर्षं भाजी दिली! आणि साइटवर त्या डब्याचं एक पान केलं. दोन दिवाळ्यांपूर्वी हे गेले. कारखान्याच्या बसमध्ये बसले ते बसलेच. सगळं आवरून झालं, लोक आपापल्या गावी गेले, आणि एक दिवस ह्यांचा फोन वाजला. बघते तर त्या पानावर कुणीतरी लिहिलेलं, "डबा सापडला. सूर्योदय छान दिसला. धन्यवाद साहेब." साहेब! ह्यांना! मी चहाचा कप हातात धरून बसले ती बसलेच, वर साय धरली. त्यानंतर मला सवयच लागली, सकाळी चहा घ्यायचा आणि कुणी काय लिहिलंय ते बघायचं. कुणी पुण्याचा, कुणी केरळचा, एक तर जर्मनीचा. ह्यांच्याशी अजून बोलणारी माणसं तेवढीच उरली होती, आणि त्यांना ठाऊकच नव्हतं की हे नाहीत.

म्हणून मला वाटलं, सांगावं. पानाच्या खाली एवढंच लिहावं, "डबा लावणारे आता नाहीत. डब्याकडे आता मी बघते." झालं. एकच ओळ टाकायची होती हो मला!

पण वर्षश्राद्धाला तात्यासाहेबांच्या कानावर गेलं. तात्यासाहेब म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, पाचोडचे, माझे धाकटे दीर. पंचायतीला उभे राहतात. पडतात, पण उभे राहतात. जेवता जेवता हात तसाच, खिरीचा, आणि म्हणाले, "वैनी! जर्मनीचे लोक वाचतेत ना? मंग एक ओळ? भाऊची लाज काढता काय? मजकूर मी देतो. तय्यार आहे माझ्याकडं."

तयार म्हणजे काय, चौकात लावलेल्या फ्लेक्सचाच मजकूर! "भावपूर्ण श्रद्धांजली. कैलासवासी गोकुळभाऊ. शोकाकुल..." आणि शोकाकुलच्या खाली नावं, नावं, नावं! सोयरे, मित्रमंडळ, पाणीवापर संस्था, एक माजी सभापती, ज्यांनी ह्यांना कधी बघितलेलंही नाही! आणि सगळ्यात वर तात्यासाहेब. "माझं ठळक करा वैनी. मधोमध. अन् जरा मोठं." आता पाहुण्याला जेवणाच्या पानावर नाही कसं म्हणायचं? म्हटलं, बघते, आणि ह्यांनी लिहिलेलं होतं त्याच्या वर तो मजकूर टाकायला बसले.

तिथं ठळक करायचं म्हणजे बटण नाही बरं का! माझी लेक तनुजा, पुण्याला नोकरीला असते, तिनं फोनवर समजावलं. "मम्मी, टोकदार कंसात इंग्रजी बी लिही. तिथून पुढं ठळक होतं. थांबवायचं असलं की परत कंसात तिरपी रेघ आणि बी. उघडलंस की मिटवायचं, एवढंच लक्षात ठेव." एवढंच! चार वेळा म्हणाली एवढंच! पण तात्यासाहेब शेजारी बसून "अजून मोठं... अजून... हां, आता पुढाऱ्याचं वाटतंय," असं चाललेलं, त्यात मी उघडत गेले, उघडत गेले, आणि मिटवायचं राहिलं. मग काय व्हावं? तात्यासाहेबांच्या नावापासून खालचं सगळंच्या सगळं ठळक, मोठं, मधोमध! आणि एका कंसाचा तर दुसरा अर्धाच राहिला, त्या उघड्या तोंडानं पुढचं सगळं गिळलं. ह्यांनी लिहिलेलं सगळं गेलं!

म्हणजे काय, तर, "पाणी सोबत ठेवा, वर टपरी नाही. दगडाखाली हात घालायच्या आधी काठीनं ठोका, विंचू असतात. झाकण नीट लावा, लहान मुलं असली तर उतरताना हात धरा." एवढं सलग हे माझ्याशी कधी बोलले नव्हते हो. मी ते वाचून वाचून पाठ केलं होतं. आणि तिथं काही नाही. नुसते शोकाकुल.

मी शेजारच्या शकीलाभाभींना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, वर बघितलं, खाली बघितलं, परत वर. म्हणाल्या, "भाभी, ये तो पूरा इलेक्शन का बोर्ड हो गया. इसमें भाईसाब किधर हैं?" मला इतकं रडू आलं... एकच ओळ टाकायची होती हो मला!

तिकडून त्या साइटच्या तपासनीसाचं पत्र. इंग्रजीत. फोननं त्याचं मराठी करून दिलं ते असं, "प्रिय मालक, आपले पान वाचकावर ओरडत आहे. कृपया दुरुस्त करा, अन्यथा ते बंद करण्यात येईल." आणि त्याच्या खाली एका मुलीनं लिहिलेलं, "दगडाखाली विंचू होता. आधी सांगायला हवं होतं." अहो, सांगितलं होतं! त्यांनी सांगितलं होतं! मीच ते घालवलं!

तनुजाला फोन केला, हुंदके देत. ती म्हणाली, "मम्मी, रडू नको. पप्पांचं लिहिलेलं कुठं गेलं नाही. ते आतच आहे, नुसतं दिसत नाही. कंस मिटव." मी म्हटलं, बाई, जरा जपून बोलत जा, मला क्षणभर वाटलं हेच आत आहेत. मग बसले. दुपारभर बसले. वरण करपलं तरी उठले नाही. एकेक कंस शोधायचा, तांदूळ निवडल्यासारखा, त्याचा जोडीदार कुठं आहे बघायचं, नसला तर घालायचा. आणि मग, तुम्हाला म्हणून सांगते, शोकाकुल सगळे उचलले आणि पुसून टाकले. सभापतींसकट! पान उघडलं तर, "पाणी सोबत ठेवा, वर टपरी नाही..." सगळं जागच्या जागी. साधं, बारीक, डावीकडून. आणि खाली माझी ओळ. तपासनीसाचं पत्र आलं, "आता सुंदर आहे." शकीलाभाभींनी शीरखुर्मा पाठवला, ईद नसताना.

इथं थांबायला हवं होतं की नाही? पण तात्यासाहेबांनी पान बघितलं. चहा अर्धा ठेवून उठले. मला वाटलं, रागावले, चार महिने येणार नाहीत, बरंच झालं! ...कसलं काय. आठवड्यात पानावर एकानं लिहिलं, "डबा जागेवर नाही. पण शोधायची गरजच पडली नाही, खाली बोर्ड आहे."

बोर्ड?

रिक्षा करून गेले. टेकडीच्या पायथ्याशी, बांबूला, दुरून दिसेल असा फ्लेक्स! वर तात्यासाहेब, हात जोडून. एका कोपऱ्यात ह्यांचा फोटो, आधार कार्डावरचा. मग शोकाकुल सगळे. आणि खाली हा एवढा बाण! "स्व. भाऊंनी लपवलेला स्टीलचा डबा वरील बाजूस, मोठ्या दगडाखाली. तरी सर्वांनी लाभ घ्यावा." घेतला की! कुणीतरी घेतलाच लाभ! गुडघे धरत वर गेले, काठीनं ठोकलं, हात घातला. ओली माती. इतकी वर्षं मी ज्यात भाजी दिली तो डबा, आता कुणाच्या घरी असेल, काय असेल त्यात...

तपासनीसाला कळवलं. नवीन डबा ठेवते म्हटलं. तर म्हणाला, लपवलेल्या जागेला बोर्ड चालत नाही, नियम आहे, माफ करा. पान बंद केलं. वाचता येतं, पण आता त्यावर कुणी लिहीत नाही. सकाळी चहा घेते. फोन वाजत नाही.

परवा वाजला. धावत गेले. तात्यासाहेब! "वैनी, ते उन्हानं फ्लेक्स पार फिका पडला हो. नवा करायला टाकतोय. अन् हे बघा, मागच्या टायमाला गडबडीत राहूनच गेलं, पण या टायमाला तुमचं बी नाव घालतो शोकाकुलमधी."

म्हटलं, घाला भावजी. पण बारीक अक्षरात.