व्याह्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक

...आन् वरून बायको मलाच म्हणती, "तुमाला तो पिक्चर बघायला कुणी सांगितलं होतं?" आता तुमीच सांगा, ज्या पिक्चरवर बंदी घाला म्हणून मोर्चा निघतो, तो बघायचा न्हाई तर काय बघायचा? मोर्चातली निम्मी माणसं तिकिटाच्या रांगेत माझ्या म्होरं हुती! आन् मी भिणारा माणूस न्हाई. बिबट्याला नुसतं खाकरून वाट सोडायला लावलीय मी, पाटोद्यात कुणालाबी इचारा... ते राहू द्या.

तर पिक्चरात एक करोडपती. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं लई गोड. पाहुण्याला घरी बोलवायचा, प्लास्टिक घातलेल्या सोफ्यावर बसवायचा, आग्रह करकरून जेवू घालायचा, आन् मग हळूच म्हणायचा, "चला, आतली खोली दाखवतो." झालं! पाहुणा खलास! पोलिसाला सगळं दिसतंय, पाहुण्याची एकटी चप्पल दिसती, तरी साहेब म्हणतो, "छे छे, एवढा मोठा माणूस असं कावून करंल?" समदं थेटर हसलं. मीबी हसलो. घरी येताना चारदा मागं वळून बघितलं ती गोष्ट येगळी.

दुसऱ्याच दिवशी आमच्या शिवानीच्या स्थळासाठी माजलगावला गेलतो. आधीची स्थळं माझ्या थापांनी मोडली, असं बायकोचं म्हणणं. जगदेवीनं, म्हंजी बायकोनं, जीपमधीच दम भरला, "पोरीला पोरगा पसंत हाय. आज तोंड उघडायचं ते फकस्त जेवायला!"

आत पाय ठेवला, आन् तुमाला सांगतो... पोराचे वडील भीमाशंकरअप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यात! बोलणं लई गोड! आन् सोफ्यावर? प्लास्टिक! नवा सोफा मळू नये म्हणून ठेवतेत, कळतंय की मला, पण बसल्यावर ते चर्रर्र वाजलं ना... मग जेवण. "घ्या पाव्हणं, अजून एक पुरणपोळी, आमची शपथ हाय!" मी म्हणलं, मला पळता येऊ नये म्हणून भरायलाय ह्यो! हात धुतले, तसा अप्पांनी खांद्यावर हात ठेवला, "चला, आतली खोली दाखवतो."

मी भिणारा माणूस न्हाई... पण पाय ऐकतेत व्हय? थेट रस्त्यावर, एका चपलीवर! मागून जगदेवी बोंबलायली, "अवो, देवघर दाखवायलेत, देवघर!"

शिवानीनं बोलणंच टाकलं. ताट लांबूनच सरकवायची. इकडं जगदेवीनं लाजत लाजत अप्पांना माझ्या पळण्याचं कारण सांगितलं. अप्पा हसले म्हणं. आन् हसून गप बसावं का न्हाई? तर त्योच पिक्चर बघून आले!

पोरगा हटून बसलेला, म्हणून अप्पांना आमचं घर बघायला यावंच लागलं. मी भाच्याचा कोरा सोफा उचलून आणला. भाचा म्हणला, "मामा, प्लास्टिक काढायचं न्हाई हां!" कडक पांढरे कपडे घातले, जगदेवीच्या हुकमानं गोड बोललो, आग्रह करकरून धपाटे वाढले. अप्पा सोफ्याकडं बघतेत, माझ्याकडं बघतेत, घाम पुसतेत. सोफ्यावर बसलेच न्हाईत, दाराजवळच्या खुर्चीवर, पायात चपला तशाच! मी आपलं रीत म्हणून खांद्यावर हात ठेवला, "चला अप्पा, आतली..."

"पोरगी पसंत हाय!" अप्पा किंचाळले. "सगळं पसंत हाय! मांडव कुटं घालायचा तेवढं सांगा!"

शिवानी आता माजलगावात सुखात हाय. व्याही लई चांगला माणूस. मी भिणारा माणूस न्हाई, अप्पा म्हणतेत, तेबी भिणारे न्हाईत. फकस्त सणाला जेवायचं ठरलं की रोज फोन...

"या की आमच्याकडं."

"न्हाई न्हाई, आधी तुमी या."