रेफ्रीले मारलेली बुक्की

हसू नका बे, मी खरंच रेफ्रीले बुक्की मारेल माणूस आहे.

मेहकरात मले पॅड धरून बॉक्सिंग शिकवणारे दोघं होते. एक आमचे सर, ते नंबर ओरडत. वन म्हणजे डावा हात, टू म्हणजे उजवा, थ्री म्हणजे हुक, बाजूनं वळवून हाणायची बुक्की. दुसरे सलीमचाचा, गाद्या भरणारे. ते पॅड धरून गुपचूप उभे राहत, अन् माही नजर हलली का तेच पॅड माह्या गालावर हाणत. मार कोनाले पाह्यजे? मी सरांकडंच शिकलो.

चाचानं एकदाच विचारलं, "पोट्ट्या, रिंगमंधी तुले नंबर कोन सांगीन?"

पहिली मॅच. घंटा वाजली, नंबर काही येईना; मॅच चालू असताना सरांले ओरडाले बंदी. मी आपला वाट पाहत उभा. समोरच्यानं अशी हाणली का डोळ्यापुढं तारे चमकले. रेफ्रीनं त्याले बाजूले केलं अन् मार बसलेल्यासमोर मोजतात तसा माह्यासमोर येऊन मोजाले लागला, "वन! टू!"

माहे दोन्ही हात आपोआप सुटले. डावा त्याच्या छातीवर, उजवा सरळ नाकावर!

सरांनी कपाळ धरलं. अन् कधी न बोलणारे चाचा खुर्चीवर चढून ओरडले, "साहेब, थ्री नका म्हणू! थ्री नका म्हणू!"