उशाची फळी

शहरातल्या महाल भागाकडे जाणाऱ्या बसमध्ये समोर बसलेल्या बाप-लेकीच्या मांड्यांवर एक जाड सागवानी फळी आडवी होती. वडील तिच्या टोकाशी टिचकी मारत तेव्हा आवाज लगेच थांबे. मधोमध मारत तेव्हा तो क्षणभर टिके.

"तुझ्या लग्नातल्या पलंगाच्या उशासाठी आणली होती मी ही, पारशिवनीहून."

"मी आठवीत होती तेव्हा."

"दर दिवाळीले सुताराकडं न्यायचं ठरते."

"अन् दर दिवाळीले फळी माळ्यावरच राहते. आज खाली आलीच आहे, तर माझ्या बास गिटारीचं अंग करू हिचं, बाबा."

"गिटार आहे न वं तुझ्याजवळ."

"तिचं अंग हलकं अन् दांडी लांब. हात काढला की तोंडावर पडते. डाव्या हातानं तिले सावरू का वाजवू?"

"अन् सागवान?"

"जड आहे, जागेवर राहीन. सूरही लवकर मरणार नाही."

"खांदा जाईन तुझा. पलंग कोणी खांद्यावर घेत नाही."

"पलंग कोणी वाजवतही नाही."

"थोडं थांब, भैरवी. स्थळं येऊन राहिली."

"सतरा वर्षं थांबलो आपण. म्हणून तर सगळी ओल गेली. आता वाकत नाही."

"फळी का तू?"

"दोघी."

वडिलांनी पुन्हा मधोमध टिचकी मारली आणि आवाज विरेपर्यंत ऐकला.

"उरलेल्या तुकड्याचा पाट करून ठेवू. आला जावई, तर बसन त्याच्यावर. सुताराले आज गिटारच सांगतो."