कागदावरची बाई

...पहिल्या टेबलावरून मागे द्या. एक आपल्यापुढे ठेवा, बाकीचे सरकवा. पेपरोनी भरलेले पावाचे गोळे जरा बाजूला घ्या, कागदाला तेल लागायला नको. हो, दोनच पानं आहेत. वाचायची घाई करू नका, मी सांगणारच आहे. रॉस्को, खिडकीजवळ चार कमी पडले.

पोचले सगळ्यांना? आभारी आहे.

सभेचे अध्यक्ष श्री. रॉस्को पिंडर, व्यासपीठावरचे मंडळाचे सदस्य, आजच्या सत्कारमूर्ती मेव्हिस ट्राउटमन, दर वर्षी एकही प्रश्न न विचारता आपल्याला हे सभागृह देणारे पोलिश क्लबचे पदाधिकारी, आणि ‘गुरुवारच्या टेबला’ची माझी सगळी माणसं, सर्वांना बर्नाडेटचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत, पाच मिनिटं’ असं छापलंय. पाचाची दहा होतील. रविवारची दुपार आहे आणि आपल्या एरी शहरात बर्फ पडायला अजून तीन आठवडे आहेत, तेव्हा कुणाला गाडी काढायची घाई नसावी.

एकोणीस वर्षांपूर्वी मेव्हिसनं स्वतःच्या स्वयंपाकघरात एका गुरुवारी सहा जणांना जेवायला बोलावलं. त्या सहांत मी होते. इंजिनाच्या कारखान्यातून थेट आले होते, पुरुषाचे बूट घालून. ताटात नूडल्स वाढताना त्यांनी विचारलं, “नाव काय?” मी कारखान्यातलं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते फोरमनला सांग. इथे जेवायचं असेल तर खरं बोल.” माझ्या तोंडून ‘बर्नाडेट’ निघालं, पहिल्यांदाच, आणि मला वाटलं आता छप्पर कोसळेल. मेव्हिस म्हणाल्या, “बर्नाडेट, मीठ दे इकडे.”

त्या मिठाचे उपकार मी आजही विसरलेले नाही. हे आधी सांगून ठेवते.

पुढे संस्था झाली, जागा मिळाली, आणि मेव्हिसनं दाराशी स्वतः रंगवून एक पाटी लावली. सगळ्यांना पाठ आहे. ‘या घरात जुनं नाव कुणी लिहायचं नाही, कुणाला लिहायला लावायचं नाही.’ आम्ही ती पाळली. हजेरीत पाळली, टपालाच्या खणांवर पाळली, वाढदिवसाच्या केकवर पाळली. कोर्टानं, दवाखान्यानं, शाळेनं दिवसभर तेच नाव तोंडावर मारायचं आणि संध्याकाळी या दाराच्या आत ते नाव मेलेलं असायचं. याहून मोठं सुख आपल्याला कुणी दिलं होतं का?

अकरा वर्षांपूर्वी मेव्हिसनं आपला तो कागद काढला. का, हे नव्या मंडळींसाठी सांगते. आपल्यातलं कुणी गेलं की रक्ताची माणसं येतात. दहा वर्षं फोन न केलेली माणसं तेव्हा बरोबर पत्ता शोधतात. केस कापतात, सूट चढवतात, थडग्याच्या दगडावर जुनं नाव घालतात आणि घरी जाऊन जेवतात. म्हणून हा कागद. माझ्या देहाचं काय करायचं ते अमुक माणूस ठरवेल, माझे कपडे हे, माझं नाव हे. खाली सही, दोन साक्षीदार. एकतीस जणांनी सह्या केल्या. प्रत्येक सहीला केक कापला. मरणाच्या कागदावर केक कापणारी माणसं आपणच.

ओडेसानं सही केली दोन वर्षांपूर्वी. जबाबदार माणूस म्हणून तिनं माझं नाव घातलं. लिहिता लिहिता ती थांबली आणि मला म्हणाली, “बर्नी, जुनं कंसात टाकू का? कोर्टात अजून बदललेलं नाही ना माझं.”

मी हसले. मी पाटीकडे बोट केलं. म्हटलं, “कंसातसुद्धा नाही चालायचं, बाई. मेव्हिस हात तोडेल.”

ती पण हसली. तिनं ‘ओडेसा’ एवढंच लिहिलं, मोठ्या वळणदार अक्षरात.

फेब्रुवारीत बेकरीच्या मागच्या दाराशी तिचं हृदय बंद पडलं. अडतीस वर्षांची होती. मी कागद घेऊन अंत्यविधीची तयारी करणाऱ्या फ्युनरल होममध्ये पोचले, तेव्हा तिचा भाऊ आलेला होता. सभ्य माणूस. हातात निळा सूट, सोबत न्हावी. मला म्हणाला, “तुम्ही त्याच्या कामावरच्या का? बरं झालं आलात.” मी कागद पुढे केला. तिथल्या व्यवस्थापकानं तो दोनदा वाचला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मॅडम, या कागदावरची बाई आमच्याकडे आलेलीच नाही.”

मी म्हटलं, “आत आहे ती.”

तो म्हणाला, “आत आहेत त्यांचं नाव वेगळं आहे. त्यांनी काही लिहून ठेवलं असेल तर दाखवा.”

काय दाखवणार? दाराच्या आतून कात्रीचा आवाज येत होता. ओडेसाचे केस कमरेपर्यंत होते, हे इथे कुणाला सांगायला नको.

मेव्हिस आल्या तेव्हा कात्री अजून चालूच होती. मला वाटलं, आता बोलतील. ज्या बाईनं काउंटीच्या न्यायाधीशाला घाम फोडला होता, ती आता बोलेल. त्यांनी माझा दंड धरला. म्हणाल्या, “शोभा करू नकोस. मागच्या रांगेत बस.” मी बसले. मग त्या शोकपुस्तकाकडे गेल्या, पेन घेतलं आणि लिहिलं. मी नंतर पाहिलं. त्यांनी ओडेसाचं जुनं नाव लिहिलं होतं. पूर्ण, मधल्या अक्षरासकट. गाडीत मी विचारलं, तर म्हणाल्या, “घरच्यांना बरं वाटावं म्हणून.”

रॉस्को, घड्याळ दाखवू नका. मला दिसतंय.

मार्चमध्ये मेव्हिसनं मला हेही सांगितलं, की ओडेसाच्याच कागदात तेवढी चूक झाली, बाकीचे वकिलानं पाहिलेत, चोख आहेत. मी विश्वास ठेवला. सात महिने शांत झोपले.

तीन आठवड्यांपूर्वी, मेव्हिस निवृत्त होताना कार्यभार सोपवायचा म्हणून मी त्यांचं कपाट आवरत होते. त्यात वकिलाचं पत्र मिळालं. तारीख चार मार्च. एकतीसपैकी सतरा कागद ठीक, कारण त्या सतरा जणांची नावं कोर्टात बदललेली आहेत. पहिला आणि सगळ्यांत चोख कागद मेव्हिस ट्राउटमन यांचा. उरलेले चौदा रद्दी. चौदांतला एक वापरून झालेला. तेरा जणांनी कायद्यातलं नाव घालून नव्यानं सही करावी, नोटरीसमोर, ताबडतोब. ‘ताबडतोब’खाली वकिलानं रेघ मारली होती.

मी पत्र त्यांच्यासमोर धरलं. त्या काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत सांगते. समोरच बसल्या आहेत, चुकलं तर सांगतील.

“बर्नाडेट, मी तेरा जणांना वचन दिलंय, ते नाव पुन्हा कुणी तुम्हाला लिहायला लावणार नाही म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू?”

मी विचारलं, “मग कोण सांगणार?”

“मी गेल्यावर सांगा. माझा निरोप होऊ द्या.”

बरोबर आहे ना, मेव्हिस? मान हलवलीत. आभारी आहे.

तर निरोप होतोय. दोन टेबलं सोडून लूशियन बसलाय. लूशियन, मान खाली घालू नकोस, सगळ्यांना माहीत आहेस तू. एकाहत्तर वर्षं, नाकात नळी, पायाशी प्राणवायूचं नळकांडं. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत. नाव बदलून द्यायला कोर्टानं दोनदा नकार दिला, तरुणपणीच्या एका शिक्षेपायी. कॅन्ससमध्ये मुलगी आहे. तिनं उन्हाळ्यात फोटो पाठवला. ज्या नवऱ्याला त्यानं अठ्ठ्याहत्तर साली सोडलं, त्याच्या थडग्याशेजारी दगड उभा आहे. ‘प्रिय पत्नी’. खाली जुनं नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे रिकामी जागा. फुलांचा फ्रॉकसुद्धा घेऊन ठेवलाय, असं पत्रात लिहिलंय.

लूशियनच्या कागदावर जबाबदार माणूस मीच आहे. कागद रद्दी आहे. या तीन आठवड्यांत मी तीनदा त्याच्या घरी गेले. तिन्ही वेळा त्यानं कॉफी दिली आणि सही नाही म्हणाला.

“त्या बाईला मी चाळीस वर्षांपूर्वी पुरलं. आता तिची सही कुठून आणू?”

मी म्हटलं, “पुरलं नाहीस. ती तुझ्या लायसन्सवर आहे. औषधाच्या बाटलीवर आहे. तिनं एकदा हात हलवला तर तू सुटशील.”

“मेव्हिसनं सांगितलं होतं, लिहायचं नाही. मला तेवढं एकच वाक्य पुरलं इतकी वर्षं.”

मंडळी, म्हणून हे इथे, जेवणाच्या टेबलावर. मागे कोटांच्या दांडीजवळ श्री. फेल्ड बसलेत, ते नोटरी आहेत, पाच वाजेपर्यंत थांबणार आहेत. साक्षीदार आहेत. जो उठेल, त्याचं नाव अजून कोर्टात तेच आहे, हे सगळ्या सभागृहाला कळेल. हे क्रूर आहे. मला ठाऊक आहे. घरी एकेकट्याला सांगितलं असतं, तर प्रत्येक जण उद्या म्हणाला असता. ओडेसापण तेच म्हणायची, कोर्टात उद्या जाते.

म्हणून कागद सगळ्यांना दिलेत. ज्यांना गरज नाही, त्यांनीही रांगेत उभं राहावं आणि एका ओळीवर आपलं जुनं नाव लिहावं. मीही लिहिणार आहे. कुणाला ओळखू येऊ नये, कोण का उभं आहे.

आणि रांगेत पहिल्या उभ्या राहाल तुम्ही, मेव्हिस. तुम्ही ओडेसाचं जुनं नाव लिहू शकलात, न्हाव्याची कात्री चालू असताना. आज स्वतःचं लिहा. लूशियनच्या समोर. तुम्ही लिहिलंत तरच तो लिहील. एकोणीस वर्षांत आम्ही तुमच्याकडे काही मागितलं नाही, तुम्ही देतच राहिलात. आज एवढं मागते.

सन्मानचिन्ह नंतर देऊ. पेन तिकडे आहे.

पोलिश क्लबच्या स्वयंपाकघरातल्या बायका सकाळपासून उभ्या आहेत, त्यांचे आभार. अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. मेव्हिस, तुमचेही, मनापासून. मी लिहिलेलं वाचायला उभी राहिले नव्हते, बोलता बोलता कुणाच्या वर्मी लागलं असेल. त्याची माफी मागते. सांगितलेल्या गोष्टींची मागत नाही. उठा आता.



मेव्हिसनं पहिलं लिहिलं. मागून सगळी रांग लागली; तेरांपैकी बारा जणांनी सह्या केल्या. लूशियन जागचा हलला नाही, साडेचारला त्याला भाच्यानं घरी नेलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला मेव्हिस श्री. फेल्ड यांना घेऊन त्याच्या घरी गेल्या. दहाच्या आत सही झाली, जुन्या नावानं. अकराला कागद माझ्या टेबलावर आला. शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत. जबाबदार माणूस म्हणून लूशियननं या वेळी माझं नाव घातलेलं नाही. तिथे मेव्हिस ट्राउटमन असं लिहिलं आहे. कागद कायदेशीर आहे. मी तो फाइलला लावला.